पाच मैलांतलं घर

मुंबईत डिलाईल रोडला आमच्या चाळीजवळ रद्दीचं एक दुकान होतं. 2006-07 च्या सुमारास तिथे वेगळीच रद्दी यायला लागली. तोवर वर्तमानपत्रं, पोरांच्या जुन्या वह्या आणि दिवाळी अंक, एवढंच असायचं. गिरण्यांच्या जागांवर टॉवर उठले, त्यांत माणसं राहायला आली आणि घरसजावटीची जाड, गुळगुळीत मासिकं थप्प्यांनी दुकानात येऊन पडू लागली. भेळवाले ती उचलत नसत, कारण त्या कागदाची पुडी धड बसत नाही. दुकानदार मला म्हणाला, "ताई, न्या तुम्ही. वजनावर लावतो." तेव्हापासून दर शनिवारी फोर्टच्या ऑफिसातून परतताना मी तीन-चार अंक काखेत मारून घरी न्यायचे.

घर म्हणजे बीडीडी चाळीतली 160 चौरस फुटांची खोली. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड इथे मिळून 207 इमारती बांधल्या. त्यांतल्या 32 आमच्याकडे. तळमजला आणि वर तीन मजले, मधोमध लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या आणि संडास सामायिक. माझं माहेरही याच चाळींतलं, सासरही. वडील गिरणीत साचेखात्यात होते. 1982 च्या संपात आमचं घर किती बसलं, ते मी पाहिलंय. त्यामुळे घर सजवणं ही आमच्याकडे गणपतीच्या आधीच्या आठवड्यात उरकायची गोष्ट होती: भिंतीला रंग, नवा पडदा, डबे घासून फळीवर ओळीने. माझं तसं नव्हतं. लहानपणापासून मला खोलीत भांडं इकडचं तिकडे करून बघायची सवय. एखादी वस्तू जागेवर बसली की बरं वाटायचं, आणि ते का वाटतं हे सांगता येत नसे.

मासिकांतली घरं बघून मी हरखून गेले होते. त्या भरातच मी एक मोठी चूक केली.

आमच्या खोलीची खिडकीकडची भिंत पश्चिमेची. पावसाळ्यात पाऊस थेट तिच्यावर मारतो. दरवर्षी ओल येऊन रंगाला फुगे धरायचे. एका अंकात मी एक बैठकीची खोली पाहिली. भिंतभर लाकडी पॅनेल, त्यावर मंद दिवा. मला वाटलं, ओलीचे डाग झाकायला याच्यासारखा उपाय नाही. 2009 च्या मे महिन्यात बोनसचे जपून ठेवलेले पैसे घातले आणि भुशाच्या दाबलेल्या फळीवर लॅमिनेट लावलेलं पॅनेल त्या भिंतीवर ठोकून घेतलं. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या कडा पावासारख्या फुगल्या आणि खोलीत कुबट वास भरून राहिला. मुलगा तेव्हा शाळेत होता, त्याचा खोकला हटेना. दसऱ्याच्या आधी पॅनेल उचकटलं, तर मागे भिंतभर काळी बुरशी. भिंतीला वारा मिळत होता तोवर ती ओली व्हायची आणि वाळायची. मी तिचं वाळणंच बंद केलं होतं.

त्या रात्री मी सगळे अंक बाहेर काढले आणि त्या पॅनेलचं पान शोधलं. नीट पाहिलं तर ते घर डोंगरातलं होतं, कोरड्या थंड हवेचं. तिथे लाकूड भिंतीची थंडी अडवत होतं. मी त्या चित्रातलं दिसणं उचललं आणि त्या लाकडाचं तिथलं काम काय, हे विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली आणि प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं, 'दिसतं काय'. उजवीकडे लिहिलं, 'काम काय करतं'. ती वही अजून माझ्याकडे आहे. घर सजवण्याबद्दल मला जे काही कळलं, ते उजव्या बाजूच्या रकान्यातून.

याच काळात फोर्टच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळताना वास्तुकार लॉरी बेकर यांची एक पुस्तिका हाताला लागली. बेकर मूळचे बर्मिंगहॅमचे, पण आयुष्य काढलं भारतात आणि त्यातही केरळात. 2007 साली ते गेले. पुस्तिकेतली अक्षरंसुद्धा त्यांच्या हातची होती, आणि चित्रं इतकी बोलकी की माझ्या बेताच्या इंग्रजीचं कुठे अडलं नाही. भिंतीतली एखादी वीट कशी वाचवावी, झरोका कुठे ठेवावा, चौकटीशिवाय खिडकी कशी होते, असं घरच्या माणसाने सांगावं तसं लिहिलेलं. पुढे त्यांच्याविषयी आणखी वाचलं. तरुणपणी ते मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत मुंबईत थांबले होते, तेव्हा त्यांची गांधीजींशी भेट झाली. आदर्श गावातलं घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्यातूनच बांधलेलं असावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर मनाशी धरला.

मी मुंबईचा नकाशा काढला आणि डिलाईल रोड मध्ये धरून पेन्सिलीने वर्तुळ मारलं. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. मला वाटलं होतं, या वर्तुळात सिमेंट आणि काच यांखेरीज काय असणार! पण आत आला धारावीचा कुंभारवाडा. दादरचा फूलबाजार आला. वरळीचा कोळीवाडा, त्यांची जाळी आणि दोरखंड. रे रोडकडच्या लाकडाच्या वखारी आणि दारूखान्यातलं जहाजतोडीचं सामान. मंगळदास मार्केटचं कापड. बांबूचं काम करणारे बुरूड. हार्बरच्या गाडीत ज्या चुनाभट्टीचा पुकारा होतो, ते नावही चुन्याच्या भट्ट्यांचंच. पुढची दहा-बारा वर्षं मी सुट्टीच्या दिवशी हे वर्तुळ चालले. पुस्तकातून प्रश्न घ्यायचा आणि उत्तर शोधायला या आठ किलोमीटरांत पायपीट करायची, असा माझा क्रम पडला.

पहिला प्रश्न अर्थात त्या भिंतीचा होता. आई दोन इमारती पलीकडे भावाकडे राहायची. तिला भिंत दाखवली. तिने नखाने रंग खरवडला, बोट नाकाला लावलं आणि म्हणाली, "हिला श्वास घ्यायला दे गो. चुना लाव." गावी, सिंधुदुर्गात, तिने शिंपल्यांचा चुना भाजलेला पाहिला होता. बेकरांच्या लिखाणातही चुन्याचं कौतुक होतंच. भिंतीवरचा सगळा तेलकट रंग आम्ही पत्र्याने खरवडून काढला, प्लास्टर उघडं केलं आणि ते सगळा हिवाळा वाळू दिलं. मग कळीच्या चुन्याचे खडे आणले.

कळी फोडणं प्रत्येकाने एकदा तरी पाहावं. पत्र्याच्या पिंपात आधी पाणी घ्यायचं आणि त्यात खडे सोडायचे. उलटं केलं, म्हणजे खड्यांवर पाणी ओतलं, तर उकळतं पाणी अंगावर उडतं. चार-पाच खडे टाकले तशी आधी शांतता. मग तळाशी गडगड झाली, पाणी खदखदायला लागलं आणि वाफेने पॅसेज भरला. खाली आग नाही, काही नाही. पॅसेजमधली सगळी पोरं गोळा झाली. त्यांना लांब उभं केलं, कारण चुना डोळ्यांत गेला तर डोळा जातो. रात्रभर तो निवला. सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून घेतला, त्यात सरस पातळ करून घातला आणि निळीचे दोन चमचे. भिंत आधी पाण्याने भिजवून घेतली आणि कुंच्याने पहिला हात मारला. काहीच दिसेना. पाण्यासारखा पातळ, भिंत जशीच्या तशी करडी. माझा धीर सुटला. आई म्हणाली, "वाळूंदे." तासाभराने बघते तो भिंत आतून उजळत चालली होती. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो. तीन हात दिले. ओल थांबली नाही, ती छतापासून बाहेरच्या प्लास्टरपर्यंतच्या दुरुस्तीखेरीज थांबणारी नव्हतीच. पण पावसाची उघडीप मिळाली की भिंत वाळायला लागली. चुन्यावर बुरशी सहजी धरत नाही, त्यामुळे कुबट वास गेला. आणि पश्चिमेचं ऊन त्या भिंतीवरून खोलीत असं पसरायचं की पाच वाजेपर्यंत दिवा लावावा लागत नसे. त्या पॅनेलवर गेलेल्या पैशांच्या विसाव्या हिश्श्यात हे झालं.

दुसरा प्रश्न रात्रीचा. यजमान रुग्णालयात पाळीने काम करायचे. ते रात्री दहाला आडवे झाले की मुलाच्या अभ्यासाची पंचाईत. खोलीत एकच ट्यूब. ती लावली तर यजमानांची झोप मोडणार, बंद केली तर मुलाची दहावी. मासिकांत जेवणाच्या टेबलावर खाली उतरलेले टांगते दिवे मी शेकडो पाहिले होते. उजव्या रकान्यात लिहिलं: उजेड हातावर पडतो, डोळ्यांत जात नाही. म्हणजे मला टोपी हवी होती, जिच्यातून प्रकाश फक्त खाली सांडेल. दुकानातल्या धातूच्या टोप्या महाग होत्या आणि आतून चकाकायच्या.

रविवारी कुंभारवाड्यात गेले. नव्वद फुटी रस्त्यावरून आत वळलं की भट्ट्यांच्या धुराने डोळे चुरचुरतात. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची ही जुनी वस्ती, घरासमोरच चाक आणि घरासमोरच भट्टी. एका बाईंना मी कागदावर चित्र काढून दाखवलं: उलटं वाडगं, तळाला भोक. त्या म्हणाल्या, "भाजल्यावर नाय होणार बेन, फुटेल. कच्च्याला पाडून देते. पुढच्या रविवारी ये." पुढच्या रविवारी त्यांनी दोन वाडगी पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "वाजवून घे." एकावर टिचकी मारली, खणखणीत. दुसऱ्याचा आवाज बसका आला. त्यांनी लगेच ते बाजूला सारलं, आत केसाएवढी चीर होती. डोळ्यांना ती दिसली नव्हती. चांगल्या वाडग्याला मी रंग, चकाकी काही लावलं नाही. आतली तांबडी खरबरीत माती प्रकाशाची धार मारते, त्यामुळे वहीच्या पानावर पडणारा उजेड संध्याकाळच्या उन्हासारखा मऊ यायचा. टेबलापासून हातभर उंचीवर तो दिवा टांगला. मुलगा त्याखाली दहावी आणि बारावी, दोन्ही शिकला. पलीकडे चार फुटांवर यजमान गाढ झोपलेले असत.

तिसरा प्रश्न खिडकीचा. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांचं काम मी पुस्तकांतून पाहत होते, आणि त्यांची कांचनजंगा इमारत तर माझ्या वर्तुळातच, कंबाला हिलवर. 1983 सालची, 28 मजल्यांची. भिंतींच्या कोपऱ्यांत दोन-दोन मजली खोल सज्जे कापलेले आहेत. रस्त्यावरून बघताना ते मला शोभेचे वाटले होते. पुस्तकात कारण सापडलं. मुंबईत वारा पश्चिमेचा, समुद्र पश्चिमेला, आणि तापलेलं ऊन व पाऊसही पश्चिमेचाच. जुन्या बंगल्यांना चहूबाजूंनी व्हरांडा असायचा, तो ऊन-पाऊस आपल्या अंगावर घ्यायचा आणि आतली खोली थंड ठेवायचा. कोरियांनी तो व्हरांडा आकाशात नेला. हे वाचल्यावर मी आमच्या खिडकीकडे पाहिलं. आम्ही सगळे पडदा आतून लावतो. ऊन काचेतून आत येतं, खोली तापते आणि मग पडदा ते अडवतो. ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं होतं.

2019 च्या उन्हाळ्यात दादरहून बांबूच्या कामट्यांचा चिक करून घेतला, खिडकीच्या बाहेर, जाळीला लागून लावायचा. घरी आणणं हीच एक कसरत झाली. डिलाईल रोडचा पूल जुलै 2018 पासून बंद होता. तो पुन्हा पूर्ण सुरू व्हायला नोव्हेंबर 2023 उजाडलं. टॅक्सीवाल्याने स्टेशनच्या पश्चिमेला सोडलं आणि साडेचार फुटांची ती गुंडाळी खांद्यावर टाकून मी लोअर परळच्या पादचारी पुलावरून गर्दीच्या वेळेला आले. चिक लावला त्या दुपारी खोलीत पाय ठेवल्यावर तळव्यांना फरशी गार लागली. वारा कामट्यांमधून येतच होता.

सहा महिन्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर पिवळट पीठ दिसायला लागलं. बांबूला भुंगा लागला होता. बांबूत पिष्ट असतं, कीड त्यासाठी येते. म्हणूनच कोकणात तोडलेला बांबू वाहत्या पाण्यात कित्येक दिवस बुडवून ठेवतात, पिष्ट निघून जातं. हे आईला ठाऊक होतं, मी विचारलं नव्हतं. दुसऱ्या वेळी भिजवून वाळवलेल्या बांबूचाच चिक मागून घेतला. निसर्गातली वस्तू घरात आणायची तर तिची निगा कशी राखायची, हेही तिच्याबरोबर आणावं लागतं. चमकदार अंकांत हा भाग मला कधी वाचायला मिळाला नाही.

आईचीच आणखी एक गोष्ट सांगते. वडील गिरणीत असताना मिलच्या दुकानातून फेंट घरी यायचे, म्हणजे ठाणातून उरलेले तुकडे, वजनावर मिळणारे. आई जुनी लुगडी आत घालून आणि वर फेंट लावून वाकळ शिवायची. आमच्याकडे तिच्या अशा तीन वाकळी होत्या, ट्रंकेत तळाला. मला त्या गरिबीची खूण वाटत. मग एका परदेशी पुस्तकात मी हाताने शिवलेल्या गोधड्या भिंतीवर चित्रासारख्या लावलेल्या पाहिल्या. ट्रंक उघडली. पांढऱ्यावर निळी रेघ, खाकी, फिकट गुलाबी छीट. धावदोऱ्याच्या ओळी इतक्या जवळ की सगळी वाकळ बारीक लाटांसारखी उठलेली. एक वाकळ मी दिवाणावर घातली. आई आली, तिच्यावरून हात फिरवत राहिली आणि एका तुकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "ही रेघ तुझ्या बाबांच्या साच्यावरची." त्या कापडाची गिरणी आता नाही, वडीलही नाहीत. डिलाईल रोडवर विणलेलं कापड डिलाईल रोडवरच्या आमच्या घरात राहिलं आहे. माझ्या वर्तुळात याहून जवळून आलेली वस्तू नाही.

पुस्तकांविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण मी फार उशिरा शिकले. नुसत्या चित्रांची मासिकं आणि मजकुराची पुस्तकं दोन्ही लागतात. चित्रं भूक लावतात, मजकूर पचवायला शिकवतो. मराठीत वाचायचं तर माधव आचवल यांचं 'किमया' जरूर वाचा. आचवल वास्तुकला शिकवायचे, आणि जागा अंगाला कशी जाणवते याबद्दल आपल्या भाषेत किती नेमकं बोलता येतं, ते या पुस्तकाने मला दाखवलं. लोकसत्तेच्या 'वास्तुरंग' पुरवणीची कात्रणं मी वर्षानुवर्षं वहीत चिकटवली. महागडी पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, ही संस्था 1898 सालची, आणि रद्दीची दुकानं अजून आहेत.

आमची चाळ आता रिकामी झाली आहे. पुनर्विकासात 160 च्या जागी 500 चौरस फुटांचं घर मिळायचं आहे, तोवर आम्ही जवळच भाड्याने राहतो. मातीचा दिवा, चिक आणि वाकळी बरोबर आणल्या. चुना भिंतीवरच राहिला. 2025 च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या 556 कुटुंबांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या. ओळखीतल्या एक-दोघांची घरं मी पाहून आले. मन भरून आलं. शंभर वर्षं सामायिक संडासासमोर बादली घेऊन उभ्या राहिलेल्या घरांना स्वतःची न्हाणी मिळाली, यासारखी गोष्ट नाही. पण सगळीकडे एकच घाई होती. चावी हातात पडायच्या आत फर्निचरवाल्याला आगाऊ रक्कम, छताला खोटं छत, भिंतींना पॅनेल.

म्हणून माझ्या चाळकऱ्यांना, आणि नव्या घरात जाणाऱ्या कुणालाही, हात जोडून एक विनंती आहे. चावी मिळाली की एक वर्ष थांबा. गादी, गॅस, देव आणि पंखा एवढ्यावर राहायला जा. ऊन कुठल्या खिडकीतून किती वाजता येतं ते वहीत लिहा. एक पावसाळा काढा, म्हणजे कुठली भिंत ओली होते ते कळेल. तोवर पुस्तकं वाचा, आणि आपलं घर मध्ये धरून पाच मैलांचं वर्तुळ चालून या. घरात जुनं माणूस असेल तर त्याला भिंत दाखवा आणि ते काय म्हणतं ते ऐका. माझी आई गेल्या वर्षी गेली. तिला विचारायचं अजून बरंच राहिलं होतं.